टिळकवाडीत चिमुकल्यांसाठी चिनी भाषेचा वर्ग: साडेसहा लाख घालावेत का?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं. वय ३३. बेंगळुरूत चार वर्षं एका चिनी यंत्रकंपनीच्या कार्यालयात दुभाषी होत्या, मँडरिनच्या एचएसके परीक्षेची चौथी पातळी उत्तीर्ण. लग्नानंतर बेळगावात आल्या. पती उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पगार हातात ४२,००० येतो, घरकर्जाचा ११,५०० चा हप्ता धरून घरखर्च ३०,०००. मुलगी अडीच वर्षांची. दीड ते चार वर्षांच्या मुलांसाठी खेळातून मँडरिन शिकवण्याचा वर्ग काढायचा आहे. एक फ्रँचायझीवाले तीन वर्षांसाठी २,७५,००० आणि जमलेल्या फीवर १२ टक्के रॉयल्टी मागतात. पहिल्या रेल्वे गेटजवळ १६,००० भाड्याचा गाळा पाहिलाय, त्याचं डिपॉझिट १,५०,०००. आतली सजावट १,४०,००० आणि स्मार्ट बोर्ड ८५,०००. एकूण साडेसहा लाख. त्यातले चार लाख एका सौहार्द सहकारी सोसायटीतली ९ टक्क्यांची ठेव मुदतीआधी मोडून आणि अडीच लाख सोनं गहाण ठेवून उभे करायचे. सासूबाई म्हणतात, ‘सोनं कपाटात ठेवून काय करतीस, घाल की धंद्यात.’ महिना २,००० फीची ४० मुलं येतील असा अंदाज. टोकन म्हणून १०,००० भरून झालेत. पुढे जाऊ का, असा प्रश्न आहे.

ताई, उत्तर आधी देतो, हिशोब मागून. फ्रँचायझी नको, गाळा नको, सोनं गहाण नको. वर्ग मात्र जरूर काढा. ३५,००० च्या आत, बारा आठवड्यांचा, दिवाळीनंतर.

तुमचेच आकडे घेऊ. भाडं १६,०००, मदतनीस बाईंचा पगार ९,०००, वीज-इंटरनेट-झाडलोट ४,०००, जाहिरात ३,०००. मूल एक असो वा चाळीस, हे ३२,००० जाणारच. एका मुलाच्या २,००० मधून २४० रॉयल्टी आणि साधारण १५० साहित्याचे गेले की १,६१० उरतात. म्हणजे नुसता खर्च भागायला २० मुलं लागतात. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज १० टक्के धरलं तर महिना २,१००, आणि मोडलेल्या ठेवीचं बुडालेलं व्याज ३,०००. आता मुलं २४ हवीत. यात तुम्हाला एक रुपया सुटलेला नाही. स्वतःला १५,००० घ्यायचे तर ३३. आणि डिपॉझिट सोडून जे पाच लाख परत मिळणारच नाहीत, ते तीन वर्षांच्या करारात वसूल करायचे तर महिन्याला आणखी १३,९००. आता आकडा येतो ४१. तुमच्या चाळिसापेक्षा एक जास्त! म्हणजे अंदाज पहिल्याच महिन्यापासून तंतोतंत खरा ठरला, तरी हाती पंधरा हजारही पूर्ण पडत नाहीत.

आणि तो पहिल्या महिन्यात खरा ठरणार नाही. मागणी कमी आहे म्हणून नव्हे. या वयाची मुलं दुपारी झोपतात म्हणून. दीड-दोन वर्षांची मुलं सकाळी साडेदहाला ताजी असतात, तीन-चार वर्षांची बालवाडीतून येऊन, जेवून, झोपून साडेचारला उठतात. मधला सगळा दिवस गाळा रिकामा, भाडं मात्र चालू. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी दोन, आठवड्याचे सहा दिवस, प्रत्येक मुलाला दोन दिवस: नऊ तुकड्या झाल्या. एका तुकडीत सहापेक्षा जास्त मुलं घेता येत नाहीत. सातवं मूल आलं की एक दाराकडे पळतं, दुसरं दुसऱ्याच्या हाताला चावतं आणि शिकवणाऱ्याचा वेळ राखणीत जातो. कागदावर जागा ५४. संध्याकाळच्या तुकड्यांत पाच-पाच आणि सकाळी तीन-तीन धरली तर ३९. चाळीस मुलं म्हणजे जवळजवळ गच्च भरलेलं वर्ष. तेही जुलैतल्या बेळगावच्या पावसात, जेव्हा निम्मी पोरं सर्दी-तापाने घरी असतात आणि आईवडील ‘या महिन्याची फी पुढं धरा’ म्हणतात.

आता फ्रँचायझीकडून मिळणार काय? नाव, पुस्तकं, बोर्डावरचे व्हिडिओ आणि चार दिवसांचं प्रशिक्षण, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या व्हिडिओंबद्दल एक गोष्ट पक्की माहीत आहे. बाळं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं बसली, त्यांनी खेळणी दाखवली, पुस्तकं वाचली. प्रत्येकी २५ मिनिटांच्या १२ बैठका. त्या बाळांना मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. हेच साहित्य पडद्यावर दाखवलेल्या किंवा नुसतं ऐकवलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. तुमची मुलं वयाने मोठी आहेत हे खरं, तरी ८५,००० चा बोर्ड घेण्याचं कारण मला यात सापडत नाही. वर्गातली किमतीची गोष्ट तुम्ही स्वतः आहात, आणि ती फ्रँचायझीकडून विकत घ्यावी लागत नाही.

दुसरं त्यांच्या पुस्तकांचं. त्यात उच्चार रोमन लिपीत आहेत, १९५८ पासून चीनमध्ये चालते ती पिनयिन पद्धत. घरी सराव घेताना आई ते इंग्रजीसारखं वाचणार आणि चुकणार. आठला पिनयिनमध्ये बी-ए लिहितात, पण तो आवाज आपल्या ‘बा’चा नाही, ‘पा’चा आहे. पी लिहिलेलं असतं तिथे आपला साधा ‘प’ नाही, ओठ मिटून सोडलेला ‘फ’ आहे. कुत्रा जी-ओ-यू लिहितात, म्हणायचं ‘कौ’. ससा टी-यू लिहितात, त्यातला टी म्हणजे ‘थ’. हा प-फ, क-ख, त-थ भेद इंग्रजी कानाला शिकवावा लागतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत तो आहेच. ‘चाइ-च्येन’ हा निरोपाचा शब्द तर मराठी मुलांसाठीच केल्यासारखा आहे: त्याचा पहिला वर्ण ‘चाक’मधला च आणि दुसरा ‘चिऊ’मधला च. दोन्ही च आपलं दीड वर्षाचं पोर रोज बोलतं. तेव्हा दर आठवड्याला पालकांना एक देवनागरी चिठ्ठी द्या: चार शब्द, त्यांचे खरे उच्चार आणि शेजारी सुराची रेघ. सीमाभागातल्या घरांसाठी हे फ्रँचायझीच्या रंगीत पुस्तकापेक्षा उपयोगी आहे, आणि खर्च छपाईपुरता.

मँडरिनमध्ये सूर बदलला की शब्द बदलतो. सूर चार आहेत, शिवाय एक हलका. ते समजावून सांगायचे नसतात, हाताने खेळायचे असतात. ‘मा’ सपाट म्हटलं की आई, खाली जाऊन वर आलं की घोडा. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने चार रस्ते आखा: सरळ, चढाचा, खड्ड्याचा आणि उताराचा. मूल गाडी त्या रस्त्यावरून ढकलतं, तुम्ही गाडीबरोबर शब्द म्हणता. आठवड्याला चारच्या वर नवे शब्द नकोत. चाळीस मिनिटांच्या तासात एकच स्वागतगीत, टोपलीतल्या वस्तूंचा एक खेळ, एक पळापळीचा खेळ, मग दहा मिनिटं मोकळं सोडणं आणि निरोपाचं गाणं. क्रम रोज तोच. तो बदलला की दोन वर्षांचं मूल रडतं, आणि रडणाऱ्या मुलाची आई पुढच्या सत्राची फी भरत नाही.

आता छोटा हिशोब. ओळखीच्या एखाद्या बालवाडीची तळमजल्यावरची खोली मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी दोन तास घ्या. बालवाडी संध्याकाळी बंदच असते, दिवसाला ३०० रुपये देऊ करा. पाणी आणि लहान मुलांना बसता येईल असं शौचालय आहे का हे भाड्याच्या आधी पाहा. दोन तुकड्या, सहा-सहा मुलं, सोबत आई, बाबा किंवा आजी. २४ दिवसांचं भाडं ७,२००. मदतनीस दिवसाला २५० प्रमाणे ६,०००. साहित्य १४,०००. चिठ्ठ्या-पत्रकांची छपाई ३,०००. प्रथमोपचार पेटी, साबण, पुसणी १,५००. एकूण ३१,७००. फी बारा आठवड्यांची ४,५००, आगाऊ. आठ मुलं आली की खर्च निघाला. बारा आली तर २२,३०० उरतात, आणि साहित्य पुढच्या सत्रालाही चालतं.

चौदा हजारांच्या साहित्यात दोन फूट बाय दोन फुटांच्या २५ फोम चटया घ्या, म्हणजे बारा माणसांना शंभर चौरस फूट बसायला मिळेल. बाकी खेळण्यातली फळं-भाज्या, हातात घालायचे बाहुले, खंजिरी, मऊ चेंडू. रुमाल जुन्या साड्यांचे कापा. खेळण्यांवर आयएसआय खूण बघूनच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती वर्गात आणू नका, घशात अडकते.

पालकांना विकताना मात्र खरं बोला. आठवड्याला ऐंशी मिनिटांत कोणी मँडरिन बोलू लागत नाही, आणि वर्ग सुटला की शिकलेलं विरत जातं. शाळेत गुण मिळतील असंही सांगू नका: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशी भाषांची जी उदाहरणं आहेत, त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आहेत, मँडरिन नाही. बेळगावच्या मुलाला घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी असतंच. ‘आणखी एका भाषेने बोलायला उशीर होईल का’ हे प्रत्येक आजी विचारणार. एकाहून जास्त भाषा कानावर पडल्याने वाचेचा दोष होत नाही, हे शांतपणे सांगा. विकायचं ते हे: कान तयार होणं, सुरांचा खेळ, आणि आईबरोबरची आठवड्यातली दोन संध्याकाळची चाळीस मिनिटं. एवढ्यासाठी ४,५०० देणारे आठ पालक टिळकवाडी-हिंदवाडी-शहापुरात मिळतात का, हेच बारा आठवड्यांत कळायचं आहे.

दहाव्या आठवड्याला पुढच्या सत्राची फी मागा. बारापैकी आठांनी पैसे भरले तर आणखी दोन तुकड्या काढा. पाचांहून कमी भरले तर थांबा. तोंडी ‘हो हो, नक्की’ मोजू नका. पैसे भरलेली २४ मुलं सलग दोन सत्रं टिकली, तरच स्वतःच्या खोलीचा विचार, तीही रस्त्यावरची नको. या वर्गाला कोणी चालता चालता पाटी वाचून येत नाही, ओळखीतूनच येतात. पाटी लावलीत तर तिची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, हा कायदा रंगाऱ्याला आधीच सांगा. तेव्हा पैसे कमी पडले तर मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंत शिशु आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर कर्ज विनातारण मिळतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेतो जीएसटी नोंदणी लागत नाही.

तोवर कमाई हवी असेल तर चौथ्या पातळीच्या भाषेला मोठ्यांकडे जास्त दाम आहे. उद्यमबागेत चिनी यंत्रं आणि सुटे भाग मागवणाऱ्यांना कोटेशन वाचून देणारं, फोनवर बोलणारं माणूस लागतं. तासाचा दर ठरवून दोन कारखान्यांत विचारा. याला भांडवल शून्य.

ठेवीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. मोडू नका, कारण ही चार लाखांची ठेवच तुमच्या घराचा आधार आहे. सहा महिन्यांचा घरखर्चच १,८०,००० होतो. पण मुदत संपल्यावर तिथेच ठेवू नका. सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला बँकेतल्या ठेवीसारखं पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं. नऊ टक्के त्या जोखमीचे आहेत. मुदतीच्या दिवशी किमान दोन लाख विमा असलेल्या बँकेत हलवा, व्याज कमी मिळेल, मिळू द्या. ३५,००० ठेवीतून नको, पगारातून उरणाऱ्या महिन्याच्या १२,००० मधून तीन महिन्यांत जमतात. तोवर दिवाळी होईल. सासूबाईंना सांगा, सोनं कपाटातच राहू दे, त्यांचा विश्वास तेवढा कामी येईल: पहिल्या तुकडीत नातीला घेऊन त्या बसल्या तर गल्लीतल्या चार आज्या येतील.

राहिले टोकनचे १०,०००. ते गेले असं धरून निर्णय घ्या. दहा हजार वाचवायला साडेसहा लाख घालायचे नाहीत. पण मागा जरूर. करारावर सही झालेली नाही, प्रशिक्षण घेतलेलं नाही, साहित्य उचललेलं नाही, म्हणून रक्कम परत करावी, असं ईमेलने लिहा, पावतीचा फोटो जोडा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं आहे का, ते पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. आज रात्री पावती काढून मागची बाजूही वाचा.