मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर सोडून व्हिडिओ गेम पार्लरमधले कोणते जुने गेम खेळून बघावेत?

ही दोन नावं तुम्ही आधीच बाजूला ठेवलीत ते बरं केलंत, नाहीतर गप्पा तिथंच संपतात. माझी पहिली शिफारस आयरेम या जपानी कंपनीच्या दोन गेमची: १९९२ चा 'अंडरकव्हर कॉप्स' आणि १९९३ चा 'इन द हंट'.

यातला एखादा तुम्ही लहानपणी खेळलाही असाल, नाव कळलं नसेल इतकंच. आमच्या निपाणीत पार्लरच्या पेटीवर बाहेर चित्र एका गेमचं आणि आत चालू दुसराच, हे नेहमीचं. १९८५ च्या सुमारास जपानमध्ये जाम्मा नावाची वायरिंगची एकच पद्धत ठरली. ५६ पिनांचा कनेक्टर सगळीकडे सारखा, त्यामुळे पेटी तीच ठेवून आतला गेमचा सर्किट बोर्ड तेवढा बदलता यायचा. ज्या बोर्डावर कॉइन जास्त पडायचे तो राहायचा, बाकीचे महिन्याभरात गायब. मुस्तफाचं तरी 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे खरं नाव किती जणांना ठाऊक होतं? त्यातल्या एका गड्याच्या नावावरच सगळा गेम चालायचा. अर्धी पोरं मराठी, अर्धी कन्नड. मारामारी रंगली की मागून 'हाण, हाण' आणि कन्नडमधलं 'होडी, होडी' (म्हणजे तेच, 'मार, मार') एकदमच.

'इन द हंट'मध्ये आपल्या हातात पाणबुडी असते. एका बटणानं समोर टॉर्पेडो सुटतो, दुसऱ्यानं वरच्या दिशेनं मारा होतो. खोल पाण्यात असताना त्यानं वर तरंगणारे सुरुंग फोडायचे, आणि पाण्याच्या वर डोकं काढलं की तेच बटण हवेतल्या शत्रूवर चालतं. त्यामुळे आत्ता वर जावं की खालीच राहावं, हा विचार सतत डोक्यात असतो. पण मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती चित्रकला. पडके पूल, बुडालेलं शहर, अजस्र यंत्रं, सगळं ठिपक्याठिपक्यानं हातानं काढलेलं. एखादी भिंत कोसळते तेव्हा तुकडान् तुकडा वेगळा पडताना दिसतो. 'मेटल स्लग' हा गोळीबाराचा गेम खेळला असाल तर हे स्फोट ओळखीचे वाटतील, आणि ते खरंच ओळखीचे आहेत. आयरेममधून बाहेर पडलेल्या मंडळींनी नाझका ही कंपनी काढली आणि १९९६ मध्ये मेटल स्लग केला. त्याचं कौतुक जगभर झालं, झालंच पाहिजे, पण त्या हातांनी आधी केलेल्या कामाकडे कुणी बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'अंडरकव्हर कॉप्स' हा सरळ मारामारीचा गेम, २०४३ सालच्या न्यूयॉर्कमधला. यात रस्त्यावरचे काँक्रीटचे खांब उचलून गुंडांना हाणता येतात. मुस्तफा आवडणाऱ्याला हा आवडणारच.

हाणामारी नको असेल तर डेटा ईस्ट कंपनीचा 'टंबलपॉप', १९९१ चा. पाठीवर व्हॅक्यूम क्लीनर, त्यानं भुतं ओढून घ्यायची आणि दुसऱ्या भुतांवर फेकायची. शत्रूंना बर्फाचे गोळे करून ढकलायच्या 'स्नो ब्रदर्स' या गेमच्या जातीचाच, पण जास्त वेळ धरून ठेवलं तर भुतं आपल्यावरच उलटतात, आणि ती धाकधूक मला जास्त भावते.

आणखी एक, अटारी कंपनीचा 'आय, रोबोट', १९८४ चा. आमच्या भागात हा कधी आला नाही. मी कॉम्प्युटरवरच खेळलो. 'मिसाइल कमांड' आणि 'टेम्पेस्ट' करणाऱ्या डेव्ह थ्यूरर यांचा. भरीव त्रिमिती आकृत्या पार्लरच्या पडद्यावर पहिल्यांदा यात आल्या. यात एक मोठा डोळा आपल्यावर पहारा ठेवतो; तो उघडा असताना उडी मारली की खेळ खलास. त्या काळी चालला नाही, पण आज बघताना थक्क व्हायला होतं.

हे सगळे मेम (MAME) या एम्युलेटरवर, म्हणजे जुने पार्लरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यात कीबोर्डवरचं ५ दाबलं की कॉइन पडतो, १ दाबलं की गेम सुरू. एक विनंती: ५ दाबत सुटू नका. तीन कॉइन ठरवा आणि तेवढ्यातच खेळा, नाहीतर 'इन द हंट' अर्ध्या तासात संपेल आणि ती चित्रं नीट बघायचीच राहून जातील.