मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या गाडीत, अनुभवी चालकाने ताशी १५० किलोमीटरने जाणे खरोखर धोकादायक असते का?

आपण विचारले आहे की रस्ता सरळ आणि मोकळा असेल, गाडी उत्तम स्थितीत असेल आणि चालक अनुभवी असेल, तर दीडशेचा वेग धोक्याचा मानावा का, की खरा धोका अकुशल आणि बेसावध चालकांमुळेच निर्माण होतो. जवळजवळ याच शब्दांत ही गोष्ट मी तेरा वर्षे माझ्या भावोजींकडून ऐकत आलो आहे. फक्त ते ती प्रश्न म्हणून विचारत नाहीत, ठाम मत म्हणून मांडतात. त्यामुळे माझे उत्तर लांबणार आहे.

माझे मत आधीच सांगतो. सार्वजनिक रस्त्यावर दीडशेचा वेग धोकादायकच असतो, मग चालक कितीही तरबेज असो. ज्याला हे पटत नाही, त्याने आपले कौशल्य कधी तपासून पाहिलेले नसते. आजवर काही झाले नाही, एवढाच त्याच्यापाशी पुरावा असतो.

तेरा वर्षांपूर्वी आम्ही रात्री अकराच्या सुमारास महामार्गाने घरी परतत होतो. भावोजी गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी होतो, मागे ताई होती आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून पाच वर्षांची भाची झोपली होती. मागे दोघींपैकी कोणीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. काटा दीडशेच्या आसपास स्थिर होता आणि समोरून वाहने येत असल्यामुळे दिवे लो बीमवर होते. मला भीती वाटत होती, पण ‘जरा हळू घ्या’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. भावोजी वयाने मोठे, गाडी त्यांची, आणि ते खरोखरच सफाईने चालवत होते. अचानक झोताच्या टोकाला एका ट्रकची मागची बाजू दिसली. ट्रक बंद पडून अर्धा साइडपट्टीवर आणि अर्धा रस्त्यावर उभा होता आणि त्याचा मागचा एकही दिवा लागलेला नव्हता. भावोजींनी ब्रेक दाबत स्टिअरिंग फिरवले, गाडी तिरपी झाली, मागची चाके घसरली आणि बाजूच्या लेनमध्ये दोनदा हेलकावे खाऊन ती पुन्हा सरळ झाली. ट्रकचा कोपरा माझ्या खिडकीपासून किती अंतरावरून गेला ते मला सांगता येणार नाही, पण त्याच्या ताडपत्रीला बांधलेली दोरी मला स्पष्ट दिसली होती आणि आजही डोळ्यांपुढे येते. भाची सीटवरून खाली पडून रडू लागली. अर्ध्या मिनिटाने भावोजी मला म्हणाले, “बघितलंस? दुसरा कोणी असता तर संपलो होतो आपण.”

त्या दिवसापासून हा प्रसंग आमच्या घरात त्यांच्या कौशल्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. मी तो कितीतरी वेळा मुकाट्याने ऐकला. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

लो बीमचा झोत साधारण ५० ते ६० मीटरपर्यंतचा रस्ता उजळतो. ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. अनपेक्षित अडथळा दिसणे, तो काय आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात सावध चालकाचाही सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडीने ६२ मीटर कापलेले असतात, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच उजेडातला सगळा रस्ता संपलेला असतो. त्यापुढे कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांनिशी, थांबण्यासाठी आणखी सव्वाशे मीटर लागतात. एकूण अंतर १९० मीटरच्या घरात जाते. भावोजींचे हातपाय दीड सेकंदापेक्षा बरेच लवकर हलले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण तसे झाले नसते तर हे उत्तर लिहायला मी उरलो नसतो. पण थांबणे त्यांना शक्यच नव्हते. उरले होते फक्त वळणे, आणि ते साधले ते त्या क्षणी बाजूच्या लेनमध्ये कोणीही नव्हते म्हणून. त्यांनी आरशात पाहिले नव्हते, पाहायला वेळच नव्हता. तिथे एखादा मोटारसायकलस्वार असता तर? याच माणसाने, याच चपळाईने, ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला असता तर गाडी जेमतेम का होईना, ट्रकच्या अलीकडे थांबली असती आणि सांगण्यासारखी गोष्टच घडली नसती.

वेग आणि थांबण्याचे अंतर यांचे नाते लोकांच्या अंदाजात बसत नाही, आणि माझ्या मते सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. समजा, एक गाडी ताशी १०० किलोमीटरने आणि दुसरी १४० किलोमीटरने शेजारी शेजारी धावत आहेत आणि दोघांनाही एकाच क्षणी अडथळा दिसला. दोघांचे ब्रेक सारखे, टायर सारखे, प्रतिसादही सारखाच दीड सेकंदाचा. शंभराची गाडी अडथळ्याला टेकता टेकता थांबेल. त्याच ठिकाणी १४०च्या गाडीचा वेग अजून ताशी सुमारे ११२ किलोमीटर असेल, म्हणजे पहिल्या गाडीच्या मूळ वेगाहूनही जास्त. यात शाळेतल्या सूत्रापलीकडे काहीही नाही: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सगळी ब्रेकना रिचवावी लागते, किंवा उरलेली समोरच्या वस्तूला आणि आतल्या माणसांना सोसावी लागते. ‘माझी गाडी पाच ताऱ्यांची आहे’ असे जे अभिमानाने सांगतात, त्यांनी हेही पाहावे की समोरून धडक देण्याच्या ज्या चाचणीवर असे तारे दिले गेले, ती वर्षानुवर्षे ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जात आली आहे. दीडशेच्या वेगात गाडीची ऊर्जा त्याच्या जवळजवळ साडेपाचपट असते.

आता ‘धोका वाईट चालकांचा असतो’ या युक्तिवादाकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त राग याच वाक्याचा येतो. आडरस्त्यावरून महामार्गावर येणारा माणूस येणाऱ्या गाडीचा वेग मोजत नाही, मोजूही शकत नाही. ती किती दूर आहे एवढेच पाहून तो निर्णय घेतो. रात्री तर त्याला फक्त दोन दिवे दिसतात. दोनशे मीटरवरचे दिवे पाहून तो रस्त्यावर आला, तर गाडी ताशी ८० किलोमीटरने येत असल्यास त्याच्यापाशी नऊ सेकंद असतात आणि दीडशेने येत असल्यास पाच सेकंदही नसतात. त्याने रोजच्यासारखाच अंदाज बांधला आणि इतर कोणत्याही गाडीच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. धडक झाली की मात्र वेगाने येणारा म्हणतो, “हा मध्येच आला.” दीडशेने जाणारा चालक इतरांचे बिनचूक अंदाजही चुकीचे ठरवतो आणि नंतर त्यांनाच वाईट चालक म्हणतो. रस्ता ओलांडणारा वृद्ध, सायकलवरचे मूल, लेन बदलणारा ट्रकचालक, यांच्यापैकी कोणीही आपल्या कौशल्याच्या भरवशावर राहायचे कबूल केलेले नसते.

भावोजींपाशी माझ्याविरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो मी लपवणार नाही. त्या रात्रीनंतर तीन वर्षांनी, वस्तीतल्या रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरच्या आतच गाडी चालवत असताना, मी फोनवर आलेला संदेश पाहायला मान खाली घातली आणि एका सायकलस्वाराला धडक दिली. मान वर करून ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता, पण वेग बराच उतरला होता. त्यांचे मनगट मोडले. चूक संपूर्णपणे माझी होती, मी ती तिथेच कबूल केली आणि त्याची लाज मला आजही वाटते. तेव्हापासून प्रत्येक वादात भावोजींचे हे वाक्य ठरलेले असते: “तू तिशीत माणूस पाडलास, मी दीडशेला सगळ्यांना सुखरूप आणलं. मग धोकादायक कोण?”

त्या दिवशी धोकादायक मीच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याची अपघातात सापडण्याची शक्यता न वापरणाऱ्याच्या सुमारे चौपट असते, आणि ही आकडेवारी मला माझ्या अनुभवावरून पटते. पण ते गृहस्थ मोडलेले मनगट घेऊन स्वतःच्या पायांवर उभे राहिले, ते वेग कमी होता म्हणूनच. तीच संघटना सांगते की गाडीच्या दर्शनी भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरवरून ६५ किलोमीटरवर जाताना साडेचारपट होतो. चुका माझ्याकडून होतील, भावोजींकडून होतील आणि आपल्याकडूनही होतील. चूक झाल्यावर ती सावरायला किती मीटर आणि किती सेकंद उरतात, हे वेग ठरवतो. म्हणून ‘वेग की बेसावधपणा’ अशी निवड करायला सांगणेच मला मान्य नाही.

आणखी दोन युक्तिवाद आपल्यालाही कोणीतरी ऐकवील, म्हणून त्यांचाही उल्लेख करतो. पहिला म्हणजे, वेग मारत नाही, वेगांमधला फरक मारतो. याचे मूळ डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या ग्रामीण महामार्गांवर केलेल्या अभ्यासात आहे. सरासरीच्या आसपास चालणाऱ्या गाड्या अपघातांत सर्वांत कमी सापडतात आणि त्याहून फार हळू किंवा फार वेगाने जाणाऱ्या जास्त, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात वेग वाढला की इजांची तीव्रताही झपाट्याने वाढते असेही आढळले होते. ते मात्र कोणी सांगत नाही. शिवाय सगळे नव्वदने जात असताना दीडशेने जाणारा माणूस तो फरक स्वतःच निर्माण करतो. दुसरा युक्तिवाद जर्मनीच्या ऑटोबानचा, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांचा, ज्यांच्या काही भागांत वेगमर्यादाच नाही. तिथेही मर्यादा नसलेल्या भागांत ताशी १३० किलोमीटरचा शिफारस केलेला वेग आहे, आणि तो ओलांडणाऱ्यावर, अपघाताला दुसऱ्याची चूक कारणीभूत असली तरी, दायित्वाचा काही वाटा येऊ शकतो. त्या रस्त्यांवर पादचारी, सायकली आणि आडवे चौकही नसतात. आपण ज्या ‘मोकळ्या’ रस्त्याविषयी विचारत आहात तो तसा आहे का, हे आपणच पाहावे.

अनुभवाबद्दल थोडेच लिहितो. ओला स्वेन्सन या संशोधकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी सहभागींपैकी ९३ टक्क्यांनी आपले कौशल्य गटातल्या मधल्या चालकाहून वरचढ असल्याचे सांगितले होते. हे अर्थातच शक्य नाही. बावीस वर्षांत एकही अपघात नाही, हे भावोजींचे म्हणणे खरे आहे, पण एका माणसाच्या वाट्याला येणारे गंभीर अपघात मुळातच इतके विरळ असतात की बावीस वर्षांच्या शांततेवरून फारसे काही सिद्ध होत नाही.

हा सगळा वाद आता पुन्हा वर येण्याचे कारण माझी भाची आहे. ती १८ वर्षांची झाली, गाडी शिकते आहे आणि तिचे वडील तिला शिकवताना त्या ट्रकची गोष्ट सांगतात. मी तिला वाहतुकीसाठी बंद असलेल्या एका लांब, रिकाम्या काँक्रीटच्या आवारात नेले. जमिनीवर खडूने रेघ मारली, ताशी ३० किलोमीटरने जाऊन रेघेवर करकचून ब्रेक दाबला आणि गाडी थांबली तिथपर्यंतचे अंतर तिला पावलांनी मोजायला सांगितले. सात पावले भरली. मग ६० किलोमीटरने तेच केले, तर सत्तावीस पावले भरली. तिला चौदा भरतील असे वाटले होते, आणि तिने पुन्हा सुरुवातीपासून मोजून पाहिले. आपणही अशी सुरक्षित जागा मिळाल्यास हे करून पाहावे, आणि शेजारी बसणाऱ्यांनी गप्प राहू नये. मी त्या रात्री गप्प राहिलो, आणि माझे ते मौन भावोजींनी संमती म्हणून धरले असेल तर त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. महामार्गावर सगळ्यांच्या मानाने फारच हळू, तेही मधल्या लेनमधून जाणे हेसुद्धा वाईट चालवणे आहे, आणि बंद शर्यतमार्गावर कोणी किती वेगाने जावे याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. दुसरे म्हणजे, वर दिलेली थांबण्याची सगळी अंतरे कोरड्या रस्त्याची आहेत. पावसात टायरांची पकड बरीच घटते आणि दीडशेच्या वेगातून थांबायला प्रतिसादाचे अंतर धरून पावणेतीनशे मीटरांहून अधिक लागू शकतात. त्या रात्री रस्ता कोरडा होता.