वाचकांचे प्रश्न : बी कोणत्या झाडांचे?

प्रश्न : दिवाळीसाठी क्रॉफर्ड मार्केटमधून आम्ही जे चिलगोजे आणतो, त्यांची झाडे यंदा मे महिन्यात किन्नौरला प्रत्यक्ष पाहिली. जुनी झाडे पुष्कळ होती, पण कोवळी रोपे जवळजवळ दिसलीच नाहीत. रोपवाटिकेत हजारो रोपे वाढवून लावली तर प्रश्न सुटणार नाही का? तज्ज्ञ जनुकीय विविधतेचा आग्रह कशासाठी धरतात? (एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : आपण जे पाहिले तेच या जंगलाचे मुख्य दुखणे आहे. चिलगोजा ही पाइनचीच एक जात असून, पावसाळी वारे जेथे जेमतेम पोहोचतात अशा हिमालयाच्या कोरड्या अंतर्भागात, साधारण 1,800 ते 3,300 मीटर उंचीवर ती वाढते. भारतात ती मुख्यतः हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि चंबा जिल्ह्यांत आढळते. आपण सोलून खातो तो दाणा म्हणजे या झाडाचे बीच होय. शंकू उमलण्याआधीच उतरवले जातात, कधी फांदीसकट तोडले जातात. त्यातून सुटलेले बी उंदीर आणि पक्षी खातात, आणि एवढ्यावरही जे उगवते ते शेळ्यामेंढ्यांच्या तोंडी जाते. त्यामुळे रोपे लावली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. मात्र त्या रोपांचे बी किती झाडांवरून आणि कोणत्या डोंगरावरून आणले, हे रोपांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे आहे.

पाइनचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात, म्हणून एकाच जंगलात शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांतही जनुकीय फरक बराच असतो. जातीतील एकूण विविधतेचा मोठा वाटा बहुधा प्रत्येक जंगलाच्या आतच सापडतो. थंडी, दुष्काळ, कीड किंवा बुरशी आली की याच फरकांमुळे काही झाडे तगतात. झाड स्वतःच्याच परागांनी फळले तर बरेचसे भ्रूण बियांतच मरतात आणि बी पोकळ निघते. जी रोपे उगवतात तीही बहुधा दुबळी असतात. आता समजा, रोपवाटिकेने सोय म्हणून रस्त्यालगतच्या चार-पाच लेकुरवाळ्या झाडांचे बी गोळा केले आणि त्यापासून दहा हजार रोपे केली. डोंगर हिरवा दिसेल, पण ती सारी भावंडे असतील, आणि पुढच्या पिढीत भावंडांचाच आपसात संकर होत राहील. म्हणून बी किमान तीस ते पन्नास झाडांवरून, तीही एकमेकांपासून दूर उभी असलेली पाहून, प्रत्येकाकडून साधारण सारखेच घ्यावे आणि शक्यतो त्याच खोऱ्यात, त्याच उंचीवर लावावे. खालच्या उबदार उतारावरचे बी वरच्या थंडीत टिकेलच असे नाही.

झाडांची संख्या किती फसवी असू शकते, याचे उदाहरण माँटेरे पाइनचे आहे. न्यूझीलंड, चिली आणि ऑस्ट्रेलियात मिळून लाखो हेक्टरांवर ही झाडे लाकडासाठी लावलेली आहेत, पण तिची नैसर्गिक वने उरली आहेत ती फक्त पाच ठिकाणी : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तीन आणि मेक्सिकोच्या ग्वादालुपे व सेद्रोस या बेटांवर दोन. ग्वादालुपेवर खलाशांनी सोडलेल्या शेळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक रोप खाल्ले आणि शेवटी दोनशेच्या आसपास म्हातारी झाडे राहिली. 1978 साली पाचही ठिकाणचे बी जमवण्यात आले आणि ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये लावून ठेवण्यात आले. या शतकाच्या पहिल्या दशकात बेटावरच्या शेळ्या हटवल्यावर तेथे पुन्हा रोपे दिसू लागली. बी जपून ठेवणे उपयोगाचेच आहे, पण मूळ जागी झाड स्वतः रुजते तेव्हाच बदलत्या हवामानाशी त्याची जुळवणी चालू राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

किन्नौरच्या गावकऱ्यांना दोष देऊन काही साधणार नाही. त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा तो मोठा आधार आहे. दरवर्षी जंगलभर विखुरलेली काही झाडे शंकूंसकट राखून ठेवणे, ती आळीपाळीने बदलणे आणि रोपे येतील तेथे काही वर्षे चराई थांबवणे, एवढे जमले तरी रोपवाटिकेवरचा भार हलका होईल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारातील ‘ख्रिसमस ट्री’ हा पाइनच ना? (एक वाचक, वांद्रे)

उत्तर : बहुधा नाही. मुंबईत त्या नावाने लावतात तो अरॉकॅरिया असतो. तो नैर्ऋत्य प्रशांत महासागरातील बेटांवरून आलेला, वेगळ्या कुळातला वृक्ष आहे. त्याच्याच कुळातील वॉलेमाय हा वृक्ष 1994 साली सिडनीजवळच्या एका दरीत सापडला. त्यालाही ‘पाइन’च म्हणतात. रानात त्याची शंभराहूनही कमी प्रौढ झाडे आहेत आणि तपासणीत त्यांच्यात जनुकीय फरक जवळजवळ आढळत नाही. त्यामुळे एका झाडाला जी बुरशी मारील ती बाकीच्यांनाही मारू शकते, आणि पाहुण्यांच्या बुटांच्या मातीतून ती आत जाऊ नये म्हणून त्या दरीचा ठावठिकाणा गुप्त ठेवला आहे.