बंडी हलेना, ट्रॉली थांबेना

"भरलेली बंडी जाग्यावरून हालवाले बैलाइले लय जोर लागते. मंग चालू झाली का सोपं जाते. काहून?" – शेतकरी, दर्यापूर तालुका

भाऊ, बैल मान खाली घालून मागचे खूर कसे रोवतो, ते तुम्ही रोज पाहता. त्या वेळी त्याला चाकांच्या घर्षणावर मात करायची असते आणि थांबलेल्या ओझ्याला वेगही द्यायचा असतो. समजा, कापसासकट बंडी 1000 किलोची आहे. 2 सेकंदांत तिला सेकंदाला 1 मीटर वेग द्यायचा, तर त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वाढणारा वेग, झालं 0.5. बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणून 500 न्यूटन (न्यूटन हे बळ मोजायचं माप). घर्षणासाठीचा जोर वेगळा. चाल एकसारखी झाली की त्वरण शून्य. मग हे 500 लागतच नाहीत, बैल फक्त घर्षणाशी झगडतो. म्हणून कळकळीनं सांगतो, सुरुवातीलाच तुतारी टोचू नका. 4 सेकंद घेऊ द्या, 500 चे 250 होतात.

"सर, ढकललं की वेग येतो. मग सूत्रात वेग का नाही?" – नववीची विद्यार्थिनी, वणी

बेटा, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटललाही वाटायचं की गती टिकवायला बळ लागतं. तू एकटी नाहीस! बळानं वेग बदलतो, हे न्यूटनने 1687 मध्ये नियम म्हणून मांडलं. पायडल थांबवल्यावर सायकल मंदावते, कारण घर्षण आणि हवा तिला मागे ओढतात. सूत्रातलं बळ म्हणजे सगळ्या बळांची बेरीज-वजाबाकी करून उरलेलं बळ. पेपरात मुलं इथंच चुकतात.

"काट्यावर कापूस 1 क्विंटल भरला. हे वजन की वस्तुमान?" – अकोट

100 किलो हे वस्तुमान, म्हणजे कापूस मुळात किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, ती सुमारे 980 न्यूटन. चंद्रावर ओढ साधारण सहावा हिस्सा, पण कापूस 100 किलोच.

"संत्र्यानं भरलेली ट्रॉली लवकर थांबत नाही. ब्रेक खराब आहे का?" – बागायतदार, वरूड

ब्रेक आधी मिस्त्रीला दाखवाच. पण ब्रेक चांगला असला तरी हे होणारच. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. समजा, त्यांचं बळ 9000 न्यूटन आहे. रिकाम्या ट्रॉलीसह 3 टन असताना वेग सेकंदाला 3 मीटरनं उतरतो, भरून 6 टन झाले की दीडनंच. ताशी 18 किलोमीटरवरून थांबायला आधी 4 मीटर पुरायचे, आता 8 लागतात. वेग 36 केला तर 33. उतारावर आणखी जास्त. भरल्या ट्रॉलीला शाळेसमोर बैलाच्या चालीनंच न्या.