पँटचा नंबर तोच, मग पोट कुठून आलं?

"मॅडम, वजन त्रेसष्ट किलो, उंचीला अगदी बरोबर. मग पोटाचं एवढं काय?" नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारे हे चाळिशीतले गृहस्थ बायकोच्या आग्रहाखातर माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आले होते. (ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) हातपाय काटकुळे, शर्टाची बटणं मात्र पोटावर ताणलेली. हा प्रश्न मला नेहमीच ऐकायला मिळतो.

उंची १६८ सेंमी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २२.३. कागदावर सगळं ठीक. "पँटसुद्धा कित्येक वर्षं चौतीसचीच," ते म्हणाले. उभे राहिले तेव्हा दिसलं, पट्टा पोटाच्या खाली उतरलाय. पँटचा नंबर हा पुरुषांचा लाडका पुरावा, पण त्यात पोट मोजलंच जात नाही! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडायला लावून टेप धरली. ९६ सेंमी. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० आणि बायकांचा ८० च्या पुढे गेला की सावध व्हायचं.

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. जास्त त्रास देते ती आतली, आतड्यांभोवतीची. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात, तिथे चरबी साठते, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं आणि साखर चढते. यांची उपाशीपोटीची साखर ११२ होती, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांना पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा फोटो दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी झळकले होते. दोघांचा बीएमआय २२.३ च, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. "म्हणजे माझाच आकडा," म्हणत गृहस्थ खुर्चीत सरसावून बसले.

घाम काढणारा पट्टा घेऊन झाला होता. त्याने पाणी जातं, चरबी नाही. पोटाच्या व्यायामाने स्नायू घट्ट होतात, पण नेमकी तिथलीच चरबी वितळत नाही. खरी गोम सेकंड शिफ्टमध्ये होती: रात्री साडेबाराला घरी येऊन भरपेट जेवण आणि लगेच झोप. डबा कंपनीतच आठच्या सुट्टीत खायचा, घरी आल्यावर फक्त ताक, असं ठरलं. कॅन्टीनचे गोड चहा दोनवर आणले. गोल्फ क्लब मैदानावर झपझप चालणं, जोडीला उठाबशा आणि जोर. रविवारची मिसळ मी बंद केली नाही. केली असती तर हे परत आलेच नसते. मटकी जास्त, फरसाण कमी, पाव एक, जिलेबी नाही.

चार महिन्यांनी वजन जेमतेम दोन किलो उतरलं होतं, म्हणून चेहरा पडलेला. टेप लावली, ९१. आतली चरबी बहुतेकदा आधी हलते, काट्याला ते पटकन कळत नाही.

"माझाही घेर बघा ना, मी तर ह्यांच्याहून बारीक," बायको म्हणाली. ८६ भरला. पाळी जायच्या वयात चरबी पोटाकडे सरकते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढची वेळ तिच्या नावावर घेतली.