स्वेटरच्या बाहीपाशी टाके कमी केले की कडा ओबडधोबड दिसते, ती डिझाइनसारखी कशी दिसेल?

अगदी कडेचे टाके कमी करू नका, तिथेच सगळं बिघडतं. कडेचे 3 टाके साधे सुलट विणा आणि मग घट करा (म्हणजे टाका कमी करा), म्हणजे घटीची रेघ आत सरकते आणि मुद्दाम काढल्यासारखी उठून दिसते, शिवाय कड सरळ राहिल्यामुळे शिवायलाही सोपं जातं.

आता कल महत्त्वाचा. दोन टाके एकत्र सुलट विणले की टाका उजवीकडे झुकतो. डावीकडे झुकवायचा असेल तर दोन टाके एकेक करून सुलट विणतो तशी सुई घालून न विणता उजव्या सुईवर घ्या, परत डाव्या सुईवर ठेवा आणि मागच्या बाजूने एकत्र विणा. सुलट बाजूच्या ओळीत सुरुवातीच्या 3 सुलट टाक्यांनंतर डावा कल, शेवटी 5 टाके उरले की उजवा कल आणि मग 3 सुलट, असं एकाआड एक ओळीत केलं की रेघ कडेबरोबर गुळगुळीत चढत जाते. हेच कल उलटे केले तर पिसासारखी खडबडीत रेघ येते, मला जाड लोकरीत तीच जास्त आवडते!!

व्ही गळ्याच्या टोकाला मात्र दोन टाके एकदम, एकत्र सुलट विणतो तशी सुई घालून, न विणता उजव्या सुईवर घ्या, पुढचा एक विणा आणि ते दोन्ही त्याच्यावरून उतरवा, मधला टाका उभ्या साखळीसारखा सरळ वर जातो.