दूध तोडल्यावर पिल्लांना हगवण: प्रोबायोटिक द्यायचं का?

सशाची पाच-सहा आठवड्यांची पिल्लं दूध तोडल्यावर आठवड्याभरातच हगवणीने जातात, तर पाण्यातून प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी असे जिवंत सूक्ष्मजीव) सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर द्या, पण हगवण लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि त्याआधी खाद्याची गोणी बघा.

सशाच्या पचनमार्गाचा जवळपास ४० टक्के आकार एकट्या अंधनालाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा असतो. तिथे बॅक्टेरॉइड्ससारखे जिवाणू चाऱ्यातले तंतू (फायबर) आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतडं पोसलं जातं. पिल्लाला हे जिवाणू बऱ्याच अंशी आईकडूनच मिळतात. मादी घरट्यात थोड्या लेंड्या टाकून जाते, त्या पिल्लं कुरतडतात. त्यामुळे घरटं रोज घासूनपुसून लख्ख करू नका. ओलं झालेलं तेवढं काढा.

दूध चालू असतं तोवर दुधातून बनणारी मेदाम्लं घातक जंतूंना आवर घालतात. दूध तुटलं की हा पहारा उठतो, आणि जठरातलं आम्ल तर अजून मोठ्या सशाइतकं तीव्र झालेलं नसतं. त्यात धान्य जास्त पडलं की न पचलेला स्टार्च अंधनालात उतरतो, आणि ई. कोलाय, क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे या घातक जंतूंचं फावतं. म्हणून पेलेटमध्ये (दाबून बनवलेल्या गोळी-खाद्यात) १४ ते १८ टक्के कच्चा तंतू हवा, सुकं गवत सतत समोर हवं, आणि खाद्य बदलायचं तर सात-दहा दिवस घेऊन हळूहळू.

आता प्रोबायोटिक. दह्याच्या भानगडीत पडू नका. सशाच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस मुळातच कमी असतात. सॅकरोमायसिस यीस्ट किंवा बॅसिलस सबटिलिस असलेलं उत्पादन घ्या. बॅसिलसचे बीजाणू पेलेट बनवतानाची उष्णता आणि जठरातलं आम्ल, दोन्ही सोसतात. साधं जिवंत यीस्ट मात्र पेलेट थंड झाल्यावरच मिसळावं. हे जिवाणू आणि यीस्ट आतड्यात कायमचा मुक्काम करत नाहीत, म्हणून रोज द्यावे लागतात. पिल्लं तिसऱ्या आठवड्यात खाद्याला तोंड लावतात, तेव्हापासूनच द्या. पाकिटावर प्रजातीचं नाव आणि दर ग्रॅमला जिवंत जिवाणूंची संख्या नसेल, तर पैसे वाचवा. क्लोरीनच्या पाण्यात कालवलंत तर अर्धं काम तिथेच फुकट.

फायदा किती? माझ्या मते खाद्य आणि स्वच्छता ठीक असेल तिथे फरक थोडाच जाणवतो.

बाकी एक पक्कं लक्षात ठेवा: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे कधीही देऊ नका. ही औषधं अंधनालातली चांगली वस्तीच उठवतात आणि ससे हगवणीने मरतात. तसंच सकाळी दिसणाऱ्या मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या म्हणजे हगवण नव्हे. ससा त्या स्वतःच खातो, त्यातून त्याला ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात.

हगवण कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींमुळेही होते, आणि त्यावर प्रोबायोटिक हा इलाज नाही. लेंड्या आधी पशुवैद्याकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या, आणि तो अहवाल व गोणीवरचे तंतू-स्टार्चचे आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.